पंचवटीत काय खावे, कुठे आणि केव्हा

पंचवटी हा नाशिक शहराचा गोदावरीच्या डाव्या तीरावरचा भाग. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, कपालेश्वर आणि तपोवन ही नावे बाहेरच्या माणसाला माहीत असतात. मालेगाव स्टँड, निमाणी, काट्या मारुती, दिंडोरी नाका, हिरावाडी, मखमलाबाद नाका ही नावे इथल्या रहिवाशाच्या तोंडची. खाण्याच्या बाबतीतही हाच भेद आहे. यात्रेकरू घाटाच्या पायऱ्यांपासून फार तर चार-पाचशे पावले आत येतो आणि समोर दिसेल तिथे बसतो. रहिवासी पंचवटी कारंजावर मिसळ खातो, निमाणीला वडा, गोड घ्यायचे तर पूल ओलांडून जुन्या नाशकात जातो आणि रात्री जेवायला बाहेर पडला तर दिंडोरी रोड नाहीतर आग्रा रोड धरतो.

नाशकात नव्या धर्तीची हॉटेले, कॅफे आणि तरुणांची गर्दी यांसाठी कॉलेज रोड व गंगापूर रोड प्रसिद्ध आहेत. पंचवटीला तो मान नाही आणि तिला त्याची फिकीरही नाही. गंमत अशी की ज्या ‘हॉटेल पंचवटी’मुळे हे नाव खवय्यांच्या ओळखीचे झाले ते हॉटेल वकीलवाडीत, म्हणजे नदीच्या दुसऱ्या बाजूला आहे; आणि 1975 पासून मुंबईला धावणारी पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते, तिथून खरी पंचवटी आठ-दहा किलोमीटर लांब.

इथल्या खाण्यावर सर्वांत मोठा अंमल आहे तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा. तीर्थाला आलेला भाविक, दहाव्याला आलेले कुटुंब, टेम्पोत कोथिंबीर भरून आलेला शेतकरी, वसतिगृहातला विद्यार्थी, महामार्गावरचा ट्रकचालक असे नाना तऱ्हेचे लोक इथे रोज जेवतात आणि त्यांच्या जेवणाच्या वेळा, पथ्ये, खिसे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून पंचवटीत ‘कुठे खावे’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही. त्यात तिथी कोणती, हेही विचारावे लागते.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो. रामकुंडावर पहाटेपासून माणसे असतात, पण सगळीच देवदर्शनाला आलेली नसतात. अस्थिविसर्जन, दशक्रिया, पिंडदान यांसाठी लांबलांबच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. पिंड मांडले की कावळा शिवेपर्यंत कर्त्या माणसाला जागेवरून हलता येत नाही. बाकीचे नातेवाईक तेवढ्यात चहाच्या टपरीशी उभे राहतात. या टपऱ्यांवर सकाळी चहा, खारी आणि पार्ले बिस्किटांचा खप मोठा असतो, आणि तिथे मोठ्याने हसणे-बोलणे कमी ऐकू येते. कावळा शिवला की मंडळी उठतात व जेवणाची जागा शोधू लागतात. जेवण साधे, शाकाहारी आणि कर्त्यासाठी बहुधा कांदा-लसूण वर्ज्य असलेले हवे असते. रामकुंडाच्या आसपासच्या खाणावळींना हे सांगावे लागत नाही. वाढपी गटाकडे एकदा पाहतो आणि कांद्याची ताटली आणायची की नाही ते ठरवतो.

यात्रेकरूला जेवू घालण्याची इथली पद्धत हॉटेलांपेक्षा पुष्कळ जुनी. पूर्वी नाशकात आलेला यात्रेकरू आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायाकडे उतरे. उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी असत, आजही आहेत. आजोबा येऊन गेल्याची नोंद वहीत सापडली की नातवाचा पाहुणचार ठरलेला. त्यानंतर धर्मशाळा वाढल्या. गाडगे महाराजांनी उभारलेली धर्मशाळा गोदाकाठी आहे आणि जवळच्या पुलालाही त्यांचेच नाव आहे. धर्मशाळेत राहणारा बहुधा शिधा घेऊन स्वतः स्वयंपाक करी. डाळ, तांदूळ, पीठ, तूप, सरपण हे सारे परिसरातल्या दुकानांत मिळे. नाशिकच्या तांबटांची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली, त्यामुळे परतताना यात्रेकरू गंगेच्या पाण्याचा गडू आणि एखादे पातेले घेऊनच निघे. मंदिराच्या वाटेवर अशी भांडी आजही टांगलेली दिसतात.

कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे हा मात्र नुसता जेवणाचा प्रश्न नव्हता. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे लढवला. त्या काळात महाराष्ट्रातल्या शहरांत ‘ब्राह्मणांची खाणावळ’ अशा पाट्या राजरोस लागत आणि चहाच्या दुकानांत दलितांसाठी कप वेगळे ठेवले जात. पैसे देईल त्याने बाकावर बसावे आणि शेजारच्याची जात विचारू नये, ही सवय मिसळीच्या हॉटेलांनी नंतरच्या काळात हळूहळू लावली. पंचवटीच्या खाद्यजीवनातला हा बदल कोणत्याही नव्या पदार्थाहून मोठा आहे.

आजच्या घाटावर भेळ, पाणीपुरी, भाजलेली कणसे, चणे-शेंगदाणे, कुल्फी, पेढे, बत्तासे, राजगिऱ्याचे लाडू आणि हंगामाप्रमाणे बोरे, आवळे, पेरू मिळतात. संध्याकाळी गोदाआरतीच्या सुमारास तिथे गर्दी होते आणि मुलांना घेऊन फिरायला ती जागा चांगली आहे. पोट भरायला मात्र घाटावर बसू नये. पुन्हा गाठ न पडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी चव सांभाळण्याची निकड दुकानदाराला नसते. सगळ्याच तीर्थांच्या ठिकाणी हे घडते. थाळीची हॉटेले त्या मानाने बरी. इथल्या पाट्या मराठीबरोबर हिंदी-गुजरातीतही असतात, कारण गुजरातमधून येणारा यात्रेकरू हा त्यांचा मोठा आधार. आमटी थोडी गोडसर लागते ती त्यामुळेच. पोळ्या तव्यावरून थेट पानात पडत असतील आणि स्थानिक रिक्षावाले जेवत असतील तर आत जायला हरकत नाही.

गंगेकडून शे-दोनशे पावलांवर मालेगाव स्टँड आणि पुढे पंचवटी कारंजा. या भागाचा खरा नाश्ता इथे होतो, आणि नाश्ता म्हटले की मिसळ. कारंजावरची अंबिका मिसळ तिच्या काळ्या रश्श्यासाठी नाशिकभर प्रसिद्ध आहे. नाशिकची मिसळ कोल्हापूर किंवा पुण्याच्या मिसळीहून वेगळी कशी, हे समजून घ्यायला ही एक प्लेट पुरे. कोल्हापुरी रस्सा लालभडक, कांदा-लसूण मसाल्याचा. पुण्याच्या मिसळीत पोहे, बटाट्याची भाजी यांची भर आणि तिखट बेताचे. नाशिकमध्ये लाल रश्श्याच्या मिसळीही आहेत, पण काळी ती खास इथली.

रश्श्याचा काळा रंग मिरचीचा नसतो. सुके खोबरे आणि कांदा तेलात जवळजवळ करपेपर्यंत भाजतात. जळकट वास येण्याच्या किंचित आधी उतरवले तर रंगही येतो आणि कडवटपणाही टळतो. त्यात धणे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल आदींचा भाजून कुटलेला काळा मसाला पडतो. दगडफुलाने रश्श्याला मातकट, धुरकट वास येतो आणि तोच जिभेवर शेवटपर्यंत राहतो. मटकी आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधलेली असते. तिला मोड आले की हळद-मीठ घालून बेताची शिजवतात. ही उसळ मुद्दाम फिकी ठेवलेली असते, कारण सगळी ताकद रश्श्यात असते. उसळ आणि रस्सा वेगवेगळ्या पातेल्यांत राहतात आणि प्लेटमध्येच एकत्र येतात. वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर. बाजूला लिंबू, दही, उडदाचा पापड आणि पाव. मिसळीबरोबर पापड ही नाशिकची खूण. परगावचा माणूस तो आधीच खाऊन संपवतो, नाशिककर तो चुरून मिसळीवर टाकतो.

खाण्याचीही एक रीत आहे. सगळा रस्सा एकदम ओतला की शेवेचा लगदा होतो. वाटीतून थोडा-थोडा रस्सा घ्यावा, पाव बुडवावा, तिखट चढले की दह्याचा चमचा, आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा रस्सा मागावा. अनेक ठिकाणी रस्सा मागाल तितका मिळतो आणि पावाचे पैसे वेगळे लागतात. तर्रीदार हवे की साधे हे आधीच सांगावे. रविवारी सकाळी नऊनंतर टेबलाशी उभे राहून वाट पाहावी लागते. जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्यात इथे कोणाला संकोच वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत मिसळ शहराबाहेरही गेली आहे. मखमलाबाद, गंगापूर या बाजूंना द्राक्षबागांना लागून, मळ्यात टेबले मांडलेली मिसळीची ठिकाणे झाली. तिथे चुलीचा धूर, मुलांना झोपाळे, मिसळीनंतर जिलेबी आणि फोटो काढायला द्राक्षांचे मांडव असतात. सुटीच्या दिवशी कुटुंबासह जायला ती उत्तम. पण तिथे अर्धे पैसे बागेचे असतात. मिसळीपुरती मिसळ खायची तर कारंजावरचा अरुंद बाक अजून सरस ठरतो.

निमाणी बसस्थानक पंचवटीत शहर बसचे मोठे केंद्र आहे, त्यामुळे त्याच्या आजूबाजूला पहाटेपासून रात्रीपर्यंत कढई तापलेली असते. वडापाव, समोसा, भजी सगळीकडेच मिळतात. नाशिक-खानदेश भागाचा म्हणावा असा पदार्थ म्हणजे पाववडा. मुंबईचा वडापाव म्हणजे पावात ठेवलेला वडा. पाववड्यात पाव चिरून त्यात चटणी आणि बटाट्याचे सारण भरतात, मग तो पावासकट बेसनात बुडवून तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत पाव मऊ आणि वाफाळलेला. बेसन दाट असेल तर पाव तेल पीत नाही. पातळ असेल तर पहिल्याच घासाला तेल हनुवटीवर येते. हाच प्रकार आता ‘उलटा वडापाव’ या नावाने नव्याने गाजतो आहे. सोबत तळलेली मिरची, आणि मिरचीवर मीठ हवेच. पाववडा गार झाला की त्याचे पार चामडे होते, म्हणून बांधून नेण्याच्या फंदात पडू नये.

गोडाधोडासाठी पंचवटीकर पूल ओलांडतात, आणि हे कबूल करायला त्यांना कमीपणा वाटत नाही. अहिल्याबाई होळकर पूल किंवा गाडगे महाराज पूल पार केला की जुने नाशिक सुरू होते. बुधा हलवाईची जिलेबी, सायंताराचा साबुदाणा वडा, भगवंतरावांची मिठाई आणि कोंडाजीचा चिवडा ही तिकडची नावे. नाशिकचा चिवडा चांगलाच मसालेदार. घरी पाहुणा आला की तो बशीत घालून वर कच्चा कांदा आणि लिंबू पिळून देतात. मुंबईला जाणाऱ्याच्या पिशवीत चिवड्याचा पुडा असतोच.

बुधवारी मात्र उलट दिशेने गर्दी होते. गोदाघाटावर भरणारा बुधवारचा बाजार जुना आहे. भाजीपाला, मिरची, कडधान्ये, मसाल्याचे जिन्नस, भांडी, कपडे असा सारा पसारा नदीच्या पात्रालगत मांडला जातो. मिसळीच्या मसाल्याला लागणारे सगळे सुटे जिन्नस एकाच फेरीत मिळतात, म्हणून घरी काळा मसाला करणाऱ्या बायका याच दिवशी येतात. खायला भजी आणि गरम जिलेबी. बाजाराच्या दिवशी याहून अधिक काही मागू नये.

दिंडोरी रोडवर नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीचे मार्केट यार्ड आहे, तर पेठ रोडवर समितीचे दुसरे आवार. दिंडोरी, पेठ, निफाड, सिन्नर, चांदवड या भागांतून भाजीपाला इथे येतो आणि रात्रीत मुंबईकडे रवाना होतो. पालेभाज्यांचे लिलाव दुपारनंतर, संध्याकाळकडे रंगतात. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात यांच्या जुड्यांचे ढीग, वर उभा राहून आकडा पुकारणारा माणूस, मागे हमालांची धावपळ. जुडीचा भाव एका आठवड्यात दोन-तीनपट वर किंवा खाली जाऊ शकतो. भाव पडला की शेतकरी यार्डात जुड्या टाकून जातो आणि त्याच संध्याकाळी पंचवटीतल्या हॉटेलांत कोथिंबीर वडी होते. भाव चढला की मिसळीवरची कोथिंबीर चिमटीवर येते.

यार्डाच्या बाहेरच्या खाण्याला रूप नाही, पण दम आहे. पहाटे निघालेला शेतकरी संध्याकाळी माल विकून झाल्यावर जेवतो, तेव्हा त्याला ताटात भाकरी लागते. पिठले-भाकरी, ठेचा, शेवभाजी, आख्खा मसूर, मिरचीची भजी हे पदार्थ तिथे चालतात, आणि चहा तर अखंड. हमाल-मापाड्यांची जेवणे उभ्या-उभ्या, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात होतात. अशाच माणसांना डोळ्यांपुढे ठेवून राज्य सरकारने 1995 मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आणि 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली होती. बाजार, बसस्थानके, रुग्णालये या जागा त्यासाठीच निवडल्या गेल्या. खाजगी हातगाडीने या दोन्ही योजनांच्या आधीही धंदा केला आणि नंतरही करते आहे.

पेठ रोड आणि मखमलाबाद नाक्याकडे वेगळ्या मुलखाचा माल उतरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगराळ आदिवासी भागांतून नागली, वरई, उडीद, आणि पावसाळ्यात करटुली, कुरडू अशा रानभाज्या येतात. बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात; भाजी ओळखता आली नाही तर कशी करायची तेही सांगतात. नागलीची भाकरी आणि उडदाचे तिखट वरण हे तिकडचे रोजचे जेवण. पंचवटीतल्या हॉटेलांत ते अजून फारसे मिळत नाही, ही खंतच म्हणायची. नागलीचे पापड मात्र घरोघर असतात.

वरईचा विषय निघाला की उपवासावर यावेच लागते. वरई भरडून तिची भगर होते आणि भगरीच्या गिरण्यांसाठी नाशिक हे देशातले मोठे केंद्र आहे. ज्या गावात एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे काही ना काही सतत चालू असते त्या गावाजवळच उपवासाच्या धान्याचा उद्योग वाढावा, हे सोयीचेच. साबुदाणा मात्र येतो तमिळनाडूतल्या सेलम भागातून. पंचवटीत एकादशीला अनेक हॉटेलांचा फळा बदलतो: साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडा, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. चांगली खिचडी दाणा-दाणा सुटी असते, ओलसर पण चिकट नाही, आणि तिच्यातल्या दाण्याच्या कुटाचा भाजलेला वास दुरून येतो. सकाळी दहाच्या आत खावी. दुपारपर्यंत झाकून ठेवलेल्या खिचडीचा गोळा होतो आणि मग ती कोणत्याच देवाला पावत नाही.

पंचवटीचा सर्वांत मोठा उत्सवही उपवासाच्याच दिवशी येतो. काळाराम मंदिरात चैत्र प्रतिपदेपासून वासंतिक नवरात्र सुरू होते, नवमीला रामजन्माचा सुंठवडा वाटला जातो, आणि कामदा एकादशीला रामरथ व गरुडरथ निघतात. रथ दोरांनी ओढले जातात, वाट गर्दीने फुलून जाते, आणि एकादशी असल्यामुळे एवढ्या जमावाला खायला लागते ते सगळे उपवासाचे. चैत्राच्या उन्हात सरबत, ताक आणि उसाचा रस यांची दुकाने तडाख्यात चालतात. कोजागरीच्या सुमारास गोदावरीचे पाणी कावडीत घेऊन सप्तशृंगी गडाकडे निघणारे भाविक दिंडोरीच्या रस्त्याला लागतात. त्यांना चहा, केळी, खिचडी देणारे मंडप रस्त्याच्या कडेला पडतात. हे खाणे विकत मिळत नाही, हात पुढे केला की मिळते.

नाशकात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ, पंचवटीच्या नव्या वसाहतींतही. त्यांच्यामुळे वरण-बट्टी, भरीत आणि मांडे इथल्या जेवणात आले. मांडे करणे हा हाताचा खेळ आहे. गव्हाचे पीठ मळून-तिंबून इतके लवचीक करतात की पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत-झेलत वाढवता येते. मग ती चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायची. पोळपाट-लाटण्याचे काम नाही. पोळी रुमालाएवढी मोठी आणि आरपार दिसेल इतकी पातळ होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरसाबरोबर मांडे हवेतच. शहरातल्या फ्लॅटमध्ये खापर आणि चूल कुठून आणायची, म्हणून मांडे मागणीप्रमाणे करून देणाऱ्या बायकांकडे आधी नोंदवतात. हॉटेलात मिळणारे मांडे त्या मानाने जाड असतात.

मांसाहारासाठी मंदिरांचा परिसर सोडावा लागतो. दिंडोरी रोड, पेठ रोड, मखमलाबादचा रस्ता आणि आडगावची बाजू इथे मटण-भाकरीच्या खाणावळी आणि ढाबे आहेत. मिसळीतला तोच काळा मसाला इथे मटणात येतो. रस्सा पातळ, तवंग वर, भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची. भाकरी कुस्करून रश्श्यात भिजवायची आणि चमचा बाजूला ठेवायचा. शाकाहाऱ्यासाठी त्याच मसाल्यातली शेवभाजी किंवा पातोड्यांचा रस्सा असतो, आणि पुष्कळांना तो मटणाहून अधिक आवडतो. थंडीत भरीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा चांगलाच उतरतो, आणि भाजलेल्या वांग्याच्या धुराला तेव्हाच खरी किंमत येते. द्राक्षांचा हंगाम त्याला लागूनच; महामार्गाच्या कडेला पेट्या मांडलेल्या असतात, चव घेऊन मगच भाव करावा.

मुंबई-आग्रा महामार्ग पंचवटीच्या कडेने जातो. या बाजूला हॉटेलांनी चौकांना नावे दिली आहेत. आडगावच्या अलीकडचा ‘जत्रा चौक’ हॉटेल जत्रावरून आणि छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरचा ‘मिरची चौक’ हॉटेल मिरचीवरून. रिक्षावाला, बसचा वाहक, वर्तमानपत्र सगळे तीच नावे वापरतात. गावात चौकांना देवांची आणि महापुरुषांची नावे, गावाबाहेर पडले की जेवणाच्या जागांची. महामार्गावरच्या हॉटेलांत चवीपेक्षा वेळ, वाहन लावायची जागा आणि स्वच्छतागृह यांना भाव जास्त, त्यामुळे तिथे पंजाबी भाज्या आणि तंदुरी रोटीचे राज्य आहे. अमृतधामजवळच्या के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थ्यांच्या मेस, चायनीजच्या गाड्या, सँडविच, मोमो आणि छोटे कॅफे दाटीने आहेत. असे खाणे पुण्यात किंवा इंदूरमध्येही अगदी असेच मिळते.

पावसाळ्यात मात्र घाटावरच्या सगळ्या खाण्याचा हिशेब गंगापूर धरणाच्या हाती जातो. धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड परिसरातल्या टपऱ्या आणि हातगाड्या उचलून वर न्याव्या लागतात. पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी अशी ती मोजणी. 2 ऑगस्ट 2016 च्या पुरात मारुती बुडाला आणि काठची दुकाने पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर आधी गाळ काढला जातो आणि त्यानंतर पहिल्यांदा पेटतो तो चहाचा स्टोव्ह.

बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशकात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी असतात. वैष्णव साधूंचे साधुग्राम तपोवनात वसते आणि आखाड्यांच्या आणि त्यांच्या उपगटांच्या, म्हणजे खालशांच्या, मंडपांत रोज भंडारे चालतात. पुरी, बटाट्याची भाजी, कढी, खिचडी, बुंदी आणि मालपुवा असे उत्तरेकडचे जेवण तेव्हा नाशिककर पत्रावळीवर जेवतात. मालपुवे अजस्र कढयांत तळले जातात, आणि पंगतीला बसणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. हॉटेलवाल्यांचे गणित मात्र दर वेळी जमतेच असे नाही. 2015 मध्ये 29 ऑगस्टच्या पहिल्या शाही पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की गर्दी अपेक्षेहून पुष्कळ कमी आली आणि गावातली दुकाने ओस राहिली. टीका झाल्यावर 13 सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला रस्ते मोकळे ठेवले गेले आणि मग माणसांचा लोंढा लोटला. पुढच्या पर्वण्या 2027 मध्ये आहेत. त्या दिवसांत पंचवटीत खायला जायचे तर पर्वणीची तारीख टाळावी, आदल्या किंवा नंतरच्या आठवड्यात तपोवनातला भंडारा गाठावा, आणि कारंजावरच्या मिसळीसाठी सकाळी आठच्या आत पोहोचावे.